कॅन्सरच्या पेशंटला "कसं वाटतंय" हे मोबाइलने विचारावं का?

पावसाळी_ढग (धागाकर्ता)

कॅन्सरच्या ओपीडीत डॉक्टर विचारतात, "काय, कसं काय?" पेशंट म्हणतो, "बरंय." तीन आठवड्यांतल्या उलट्या, रात्र रात्र जागणं, तळपायाच्या मुंग्या, सगळं त्या "बरंय"मध्ये गडप होतं. बाहेर माणसं ताटकळलेली असतात, डॉक्टरांकडे मोजून पाच मिनिटं, आणि पेशंटच्या मनात भीती की फार कुरकुर केली तर औषधच बंद करतील.

माझं काम क्लिनिकल ट्रायलमधलं, म्हणजे उपचार पेशंटवर पद्धतशीर तपासून बघण्याचं. पेशंटकडून 'क्वालिटी ऑफ लाइफ'चे फॉर्म भरून घेणं हा त्यातला रोजचा भाग. त्यामुळे मत आधीच सांगून टाकतो: ही विचारपूस दर आठवड्याला फोनवरून किंवा टॅबलेटवरून व्हायला हवी, आणि ट्रायलमधल्याच नव्हे तर केमो चालू असलेल्या प्रत्येकाची.

सध्या जगभर चालतो तो ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेचा क्यूएलक्यू-सी३० नावाचा फॉर्म. १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस प्रश्न, बहुतेक मागच्या आठवड्याबद्दलचे. 'अजिबात नाही'पासून 'खूप जास्त'पर्यंत चार पर्याय, शेवटच्या दोन प्रश्नांना १ ते ७. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तो हिंदी-मराठीत करून तोंडा-घशाच्या कॅन्सरच्या पेशंटवर पडताळूनही पाहिला आहे. फॉर्मबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही की तो भरला जातो, फाईलला लागतो आणि दोन-तीन वर्षांनी त्याचा पेपर छापून येतो. ज्याने तो भरला त्याला त्या दिवशी उलटीची गोळीसुद्धा बदलून मिळत नाही.

आता याच्या उलट उदाहरण. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ईथन बॅश आणि सहकाऱ्यांनी कॅन्सर पसरलेल्या ७६६ पेशंटवर ट्रायल केली. एका गटाने १२ लक्षणं कॉम्प्युटरवर स्वतः नोंदवायची, त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा. दुसऱ्या गटाची नेहमीसारखी तपासणी. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ३४ टक्के लोकांचं जीवनमान सुधारलं होतं, दुसऱ्यात १८ टक्के. वर्षभरात इमर्जन्सीत धावावं लागलेले ३४ विरुद्ध ४१ टक्के. २०१७ मध्ये पुढचे आकडे आले तेव्हा तर लोक चकितच झाले: मध्यगा आयुर्मान (निम्मे पेशंट निदान एवढे तरी जगले) ३१.२ महिने विरुद्ध २६. दोन्ही गटांवरचे उपचार नेहमीचेच. एका गटाला नेमाने विचारलं आणि उत्तर कुणीतरी वाचलं, एवढाच फरक.

आपल्याकडे हे का होऊ नये? विरोधी मतांचं स्वागत.

भुसावळकर

पूर्ण असहमत. कारण तुमच्या चित्रात पेशंटच्या हातात फोन आहे. आमच्या घरात तो मेहुण्यांच्या हातात होता.

वडिलांना गालाचा कॅन्सर. तंबाखू, दुसरं काय. ऑपरेशननंतर नाकातून नळी, बोलणं बंद, पाटीवर लिहून दाखवायचे. आजाराचं नाव घरच्यांनी त्यांना सांगितलंच नव्हतं, "गाठ होती, काढली" एवढंच. एका खासगी हॉस्पिटलने ॲप दिलं होतं. उघडल्या उघडल्या वर मोठ्या अक्षरात "कॅन्सर केअर". आता हा फोन त्यांच्या हातात कोण देणार? मग मेहुणे दर रविवारी जेवणानंतर सोफ्यावर बसून उत्तरं भरायचे. "निराश वाटलं का?" अजिबात नाही. "झोप लागली का?" हो. वडील आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. पडद्यावर त्यांचा आलेख मात्र वर वर चाललेला, हिरवा.

आणि एकदा खरं भरलं, तेव्हा काय झालं ऐका. शुक्रवारी संध्याकाळी नळीच्या बाजूने रक्त यायला लागलं, मेहुण्यांनी ते ॲपवर टाकलं. उत्तर आलं: "धन्यवाद, आपला प्रतिसाद नोंदवला आहे." सोमवारपर्यंत दुसरं अक्षर नाही. आम्ही रात्रीच रिक्षा काढून जवळच्या डॉक्टरांकडे गेलो म्हणून निभावलं.

असल्या मोजमापापेक्षा न मोजलेलं परवडलं. निदान कुणीतरी बघतंय या भ्रमात तरी माणूस राहत नाही.

कोपरगाव_एक्सप्रेस

मग हाताला घड्याळच बांधा की. पावलं, झोप, ठोके सगळं आपोआप येतं. मेहुण्यांची गरज नाही.

माजघर

एक्सप्रेस, घड्याळाला काय कळतं ते सांगते. माझी छातीच्या कॅन्सरची ट्रीटमेंट संपली आहे, आता फक्त गोळ्या चालू. केमो घेऊन आले तरी आमच्याकडे पाणी पहाटे येतं, आणि ते भरायला माझ्याशिवाय उठणारं कुणी नाही. तेव्हा पावलं भरपूर पडायची. घड्याळ म्हणालं असतं, बाई ठणठणीत आहे.

त्याच दिवसांत बोटं इतकी बधिर झाली होती की ब्लाउजचे हूक लागेनात. मुलीला हाक मारायची लाज वाटायची म्हणून गाऊनवरच राहायचे, बाहेर जाणं बंद केलं. ओपीडीत यातलं काही बोलले नाही. बोटांचं काय सांगायचं, जीव वाचतोय ना, असं वाटायचं. मग एकदा तिथल्या सिस्टरने विचारलं, "बटणं, हूक लावता येतात का?" मी हो-नाही करेपर्यंत रडायला आलं. त्यानंतर डॉक्टरांनी डोस कमी केला.

म्हणून मी ढग यांच्या बाजूने. पण विचारायचं तर असं नेमकं विचारा. "जीवनमान कसं आहे" असलं काही नको.

आणखी एक. अंगावरून जाणं, खालचा कोरडेपणा, नवऱ्याबरोबरचे संबंध, या गोष्टी चार शिकाऊ डॉक्टर भोवती उभे असताना कोण बोलणार? पडद्यावर मी बिनधास्त टिक केलं असतं. मात्र घरच्या फोनवर नाही, तो मुलगा गेम खेळायला घेतो.

आकडेमोड

माजघर, तुमची पोस्ट अख्ख्या धाग्यात सर्वांत कामाची आहे. मी जरा रुक्ष बोलतो.

ढग यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण गोष्ट अर्धी सांगितली आहे. ती ट्रायल मॅनहॅटनमधल्या एकाच, अत्यंत सुसज्ज हॉस्पिटलची. नंतर त्याच मंडळींनी अमेरिकेतली ५२ केंद्रं आणि १,१९१ पेशंट घेऊन प्रो-टेक्ट नावाची मोठी ट्रायल केली. दर आठवड्याला इंटरनेटवरून किंवा फोनवरून प्रश्न. जीवनमान सुधारलं, इमर्जन्सीची पहिली फेरी लांबली. आयुर्मानात मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. फ्रान्समध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरवर झालेल्या ट्रायलमध्ये फरक मोठा होता, २२.५ महिने विरुद्ध १४.९, पण पेशंट सव्वाशेच्या आसपास.

तेव्हा "विचारल्याने आयुष्य वाढतं" म्हणून हे कुणी विकायला आलं तर खिसा सांभाळा. त्रास कमी होतो, हे सिद्ध आहे. मला विचाराल तर तेवढं पुरेसं आहे. जीवनमान मोजायला निघायचं आणि शेवटी समर्थन द्यायचं ते आयुर्मानाचं, हे मला कायम विचित्र वाटत आलं आहे.

दुसरी गोम जास्त गंभीर आहे. उत्तरं कोण देतं? ज्याला बरं वाटतंय तो. ज्याला उठून बसवत नाही तो फोनकडे बघतही नाही. त्यामुळे सरासरी कायम खोटी गुलाबी येते. ज्या आठवड्यात उत्तर आलं नाही त्याच पेशंटला पहिला फोन गेला पाहिजे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ॲपमध्ये "उत्तर नाही" म्हणजे रिकामा चौकोन, आणि चौकोनाला कुणी फोन करत नाही.

सिस्टर_इनचार्ज

केमोच्या डे-केअरमध्ये काम करते, त्यामुळे "नर्सला ईमेल जायचा" हे वाचून हसू आलं. आमच्याकडे सकाळी खुर्च्या भरलेल्या, शिरा सापडत नाहीत, एकाला रिॲक्शन आलेली, तेवढ्यात औषधांची गाडी. त्यात पन्नास अलर्ट येऊन पडले तर दोन दिवस बघेन, तिसऱ्या दिवशी आवाज बंद करून ठेवेन. खरं तेच सांगतेय.

तरीही मी विरोधात नाही. पण चाळणी लावा. थकवा, चव नाही, केस गेले, हे पुढच्या व्हिजिटला बघता येतं. दिवसभर उलट्या, गिळता येत नाही, दम लागतो, दुखणं सहन होत नाही, रक्त येतंय, एवढेच अलर्ट त्याच दिवशी यावेत. आणि ताप तर ॲपवर टाकायचाच नाही! केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना थंडी वाजून ताप आला तर सरळ हॉस्पिटल गाठायचं, मध्यरात्र असली तरी. हे प्रत्येक नातेवाइकाला मी तोंडपाठ करून घेते.

भुसावळकर, शुक्रवारच्या संध्याकाळचं तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं. शनिवार-रविवारी दुसऱ्या टोकाला माणूस नसेल तर ते ॲप चालूच करू नये.

आता दुखण्याबद्दल. समजा फोनने विचारलं, पेशंटने दहापैकी आठ सांगितलं. पुढे? आठला मॉर्फिन लागतं, म्हणजे अफूपासूनचं कडक वेदनाशामक. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या धाकाने दुकानदारांनी ते ठेवणंच सोडलं होतं. २०१४ मध्ये कायदा बदलला, मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. तरी तालुक्याच्या गावचा पेशंट मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी मुंबई-पुण्याला एसटीने येतो, हे मी अजून बघते. फोनवर मोजलं आठ आणि गावात मिळालं पॅरासिटामॉल, तर त्या आठचं काय लोणचं घालायचं?

भुसावळकर

सिस्टर, हेच मी जरा चिडून लिहिलं होतं.

पावसाळी_ढग

बरेच मुद्दे आले. सुटतील तसे घेतो.

भुसावळकर, तुमच्याकडे झालं ते वाईटच. पण मेहुण्यांनी भरलेली उत्तरं हा ॲपचा दोष कमी, आपल्या घरांचा जास्त. कागदी फॉर्मवरही मी हेच बघतो. बाई समोर बसलेली असते आणि मुलगा परस्पर सांगतो, "आईला काही त्रास नाही." आम्ही मुलाला चहा प्यायला पाठवतो. ओपीडीबाहेर मांडून ठेवलेला टॅबलेट आणि कानाला हेडफोन, हा त्यावरचा उपाय असू शकतो. बॅशच्या ट्रायलमध्ये ज्यांनी कधी कॉम्प्युटर हाताळला नव्हता त्यांनी घरून नाही, हॉस्पिटलमधल्याच पडद्यावर उत्तरं दिली होती, आणि फायदा त्याच लोकांत जास्त दिसला. "आपल्या लोकांना जमणार नाही" म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. माजघर यांचा मुलाच्या गेमचा प्रश्नही त्याने सुटतो.

घरी असताना ॲपचा हट्ट मला नाही. साध्या फोनवर मराठीत रेकॉर्ड केलेला आवाज, एक ते चार बटणं, सहा प्रश्न. त्या प्रो-टेक्ट ट्रायलमध्ये इंटरनेट नको असणाऱ्यांना असाच फोन जायचा. "कॅन्सर" हा शब्दही त्यात आणायची गरज नाही.

सिस्टरना उत्तर देणं अवघड आहे, कारण त्या बरोबर आहेत. अलर्ट बघायला वेगळी नर्स हवी, आणि तिचा पगार. तो महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये धरा, अशी मागणी आपण का करू नये? मॉर्फिनबद्दल मात्र मी उलट म्हणेन. एखाद्या जिल्ह्यातून दर आठवड्याला शेकडो "आठ" यायला लागले, तर तिथे मॉर्फिन नाही हे लपवणं कठीण जाईल. आज ते दुखणं कुठेच लिहिलेलं नाही.

कोपरगाव_एक्सप्रेस

आणि ते शेकडो "आठ" विमा कंपनीच्या हाती लागले की? हप्ता वाढला म्हणून समजा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे म्हणे. केमोच्या खुर्चीत बसलेला माणूस संमतीची सहा पानं वाचून "मान्य आहे" दाबतो का, बघा एकदा जाऊन.

आकडेमोड

एक्सप्रेस, गाडी पहिल्यांदाच वेळेवर आली. :)

ढग, जिल्हावार "आठ" मोजायची तुमची कल्पना आवडली, पण ते आकडे नाव-गाव काढून वेगळे ठेवावे लागतील, आणि आरोग्य खात्याने छापावे लागतील. ते छापतील का, हा प्रश्न कॉम्प्युटरचा नाही.

भुसावळकर

टॅबलेट, हेडफोन, वेगळी नर्स, रविवारी चालू. एवढं असेल तर माझा विरोध मावळतो. असत नाही म्हणून तर भांडतोय.

एक मात्र विचारतो. तुमच्या त्या तीस प्रश्नांत एक आहे: आजारामुळे किंवा उपचारांमुळे पैशाची अडचण आली का? आमच्याकडे त्याला प्रत्येक वेळी "खूप जास्त" होतं. तेवढं एक मेहुणे खरं भरायचे. त्याचा अलर्ट कुणाला जातो?

पावसाळी_ढग

सध्या कुणालाच नाही. अलर्टच्या यादीत तो धरतच नाहीत.

सिस्टर_इनचार्ज

समाजसेवा विभागाला गेला पाहिजे, त्याच दिवशी. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, हे निम्म्या नातेवाइकांना बिल हातात पडल्यावर कळतं. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला ॲडमिशनच्या वेळीच लागतो. भुसावळकर, तुमच्याकडे अजून कुणाची ट्रीटमेंट चालू असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कागदांची यादी पाठवते.