सोमवारचा खाडा

खडूवाली

माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. जिल्हा परिषदेची शाळा, नाशिक जिल्ह्यातला कांदापट्टा, पट २७. परवा एका पोराची वही तपासत होते. ५२ वजा २७, उत्तर ३५. ६१ वजा ३४, उत्तर ३३. ८३ वजा ४८, उत्तर ४५. आकडा वर असो की खाली, पठ्ठ्या मोठ्यातून लहान काढत सुटलेला. डोकं मंद म्हणावं तर तसंही नाही, दुकानातून उरलेले पैसे चोख मोजून आणतो.

म्हणून हजेरीपट उघडला. ज्या आठवड्यात मी काड्यांचे गठ्ठे घेऊन दशक सुटा करायला शिकवलं, त्या आठवड्यात हा सोमवारी नव्हता, मंगळवारी आला, बुधवार-गुरुवार पुन्हा नव्हता. म्हणजे त्यानं गठ्ठा बांधताना पाहिला, सोडताना पाहिलाच नाही.

मग मला नादच लागला. जूनपासूनचे सगळ्यांचे खाडे मोजले. सगळ्यात जास्त सोमवारी. कारणं विचारली तर एकही मोठं नाही. मामाच्या गावाहून रात्री उशिरा आलो. आई शेतातल्या लावणीच्या टोळीबरोबर सातलाच गेली, बाळाला धरायला कुणी नव्हतं. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं: गणवेश वाळला नाही. रविवारी धुतलेला कपडा या दिवसांत सोमवारी सकाळी ओलाच असतो.

आता हिशेब. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवी वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरायला हवी. आठ वर्षांचे झाले १६६० दिवस. महिन्याला दोन खाडे म्हणजे साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १६६ दिवस. आठवीतून बाहेर पडणारं पोर जवळजवळ एक इयत्ता कमी बसलेलं असतं आणि कुणाला पत्ता नसतो. सलग महिनाभर आलं नाही तर ते शालाबाह्य धरतात, यादीत नाव येतं, बालरक्षक शिक्षक घरी जातात. सुट्ट्या खाड्यांची यादी कुणी करत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हे सुट्टे खाडे घरातूनच थांबू शकतात. तुम्हाला काय वाटतं?

डेक्कनचा बाप

ताई, तळमळ पोचली. पण धाग्याचा सूर पटला नाही. शाळेत बसणं म्हणजे शिकणं, हे कुणी ठरवलं? आषाढात मी मुलाला (पाचवी) आठ दिवस शाळा बुडवून आजोबांबरोबर वारीला पाठवलं. सासवडपासून पुढे चालला. पायाला फोड आले. अनोळखी माणसांच्या पंगतीत जेवला, तंबूत झोपला, वीसेक अभंग पाठ करून आला. शाळेनं मला काय पाठवलं? 'उपस्थिती कमी आहे' असा मेसेज. आठ दिवसांत त्यांनी भाज्यांची चित्रं रंगवून घेतली होती. आता सांगा, खाडा कुणाचा झाला?

उंबरठा

@डेक्कनचा बाप, वारीबद्दल आदर आहे, घरात माळकरी आहेत. पण परत आल्यावर बुडलेलं कुणी भरून काढलं ते लिहिलं नाहीत. तुम्ही काढलंत, किंवा क्लास असेल, किंवा आईनं वहीचे फोटो मागवले असतील. बाईंच्या वर्गातल्या त्या पोराच्या घरी दशक सुटा करून दाखवणारं कोण आहे? तुमच्या मुलाचा आठ दिवसांचा खाडा पाचव्या दिवशी बुजतो. त्याचा एका दिवसाचा बुजत नाही.

बाकी भाज्यांची चित्रं रंगवणाऱ्या शाळेबद्दल सहमत. :)

पाटोद्याचा

मी बीड जिल्ह्यातला. आईबाप ऊसतोड करायचे, मी तिसरी-चौथी-पाचवी अर्धी अर्धी शिकलो. म्हणून 'घरातूनच थांबू शकतात' हे वाक्य जरा टोचलं.

खाडा हा शब्द आमच्याकडं आधी शाळेचा नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायची असते. बाई आजारी पडली, एक दिवस फडात गेली नाही, तर तो खाडा, आणि हिशेबात त्याचे पैसे कापले जातात. आता अशा घरात दीड वर्षाचं लेकरू तापलं तर घरी कोण थांबणार? आईला खाडा परवडत नाही म्हणून दहा वर्षांच्या पोरीचा खाडा होतो. मी कोपीत, म्हणजे आमच्या तात्पुरत्या झोपडीत, बसून तेच केलं. सकाळी चहा, मग लहानीला कडेवर घेऊन पाण्याला.

दसरा झाला की आमच्या वाड्या रिकाम्या होतात, त्या थेट पाडव्याच्या आसपास भरतात. म्हणजे दुसरं सत्र गेलंच. हंगामी वसतिगृहं आहेत, पोरगं गावात आजीकडं राहतं आणि जेवण तिथं मिळतं. चांगली सोय आहे, ज्याला आजी आहे त्याला. शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे जाल तिथल्या शाळेत पोराला बसवून घ्यावं. आमची टोळी गेली कर्नाटकात. कारखान्याजवळच्या गावात शाळा कन्नड. कार्ड खिशात ठेवून मी वर्गाच्या बाहेर उभा.

नियम म्हणजे नियम

सगळ्याला कारणं आहेतच. जोवर पालकाच्या खिशाला चटका बसत नाही तोवर काही होणार नाही. सरकार गणवेश देतं, पुस्तकं देतं, दुपारी खिचडी देतं. पाठवायचं काम तेवढं तुमचं. तेही होत नसेल तर दंड करा. शाहू महाराजांनी केला होता, आपल्याला का जमू नये?

कोल्हापुरी चप्पल

@नियम म्हणजे नियम, बरोबर, केला होता. १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, आणि पोर न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठरला. (त्याआधी १९०६ मध्ये सयाजीरावांनी बडोद्यात सक्ती आणली होती.) पण दंडाची तेवढीच गोष्ट उचलू नका. त्याच्या कितीतरी आधी, १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं होतं आणि पाठोपाठ वेगवेगळ्या जातिधर्माच्या मुलांची वसतिगृहं. आधी पोराच्या राहण्या-जेवणाची सोय लावली, दंड नंतर आला. तुम्ही फक्त शेवटचं पान वाचून दाखवताय.

आणि रुपयाची गंमत पुढे आहे. १९९२ पासून आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त समाजातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू झाला. दिवसाला किती? एक रुपया. वर्षाला फार तर २२०. कित्येक वर्षं तो रुपयाच राहिला. १९१७ मध्ये एका रुपयाचा धाक होता, आणि पुढे त्याच एका रुपयानं आई मजुरी सोडून पोरीला शाळेत धाडेल अशी अपेक्षा.

सेवानिवृत्त हजेरीपट

बत्तीस वर्षं मास्तरकी केली. बाईंच्या हजेरीपटावर माझा विश्वास आहे, पण सरसकट हजेरीपटावर नाही. का ते सांगतो.

१५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहार योजना आली तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं. महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचा आणि अट होती ८० टक्के हजेरीची. तांदूळ वाटायच्या दिवशी आया पिशवी घेऊन व्हरांड्यात उभ्या राहायच्या. आता ज्या पोराचे सहा-सात खाडे झालेत, त्याच्या आईला रिकामी पिशवी घेऊन परत पाठवायचं? मला नाही जमलं. मी खुणा बदलल्या. सांगायला लाज वाटत नाही, पण त्या महिन्यांचा माझा हजेरीपट खोटा आहे. पुढं ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना शाई लावून मोजलं, तेव्हा नुसत्या कागदावरची किती पोरं निघाली ते सगळ्यांनी वाचलंच. त्यातले बरेच लबाड संस्थाचालक होते. पण हजेरीला कशाचाही बक्षीस-दंड जोडला की हजेरीच्या खुणा सुधारतात, पोरं आहेत तिथंच राहतात. दंडवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरं, शंभर टक्के हजेरीचं बक्षीस. आमच्याकडे कंपासपेटी मिळायची. त्या पेटीपायी एक मुलगी अंगावर कांजिण्यांचे फोड घेऊन वर्गात बसली, फ्रॉकच्या बाह्या ओढून. पंधरवड्यात अर्धा वर्ग घरी. आजारी पोराला घरी ठेवणं हा खाडा नव्हेच, हे पालकांना आपणच सांगायला पाहिजे.

निळी बस

मुलींचं कुणी बोललंच नाही. माझी भाची नववीत आहे. महिन्यातले तीन दिवस ठरलेले खाडे. शाळेत मुलींची मुतारी आहे, दार आहे, पाणी नाही. घरच्यांनी काय आधार द्यायचा यात? बादली पाठवायची?

अवांतर: एसटीचा पास मोफत आहे, बसही आहे. पण ती नऊची बस चुकली तर दुसरी बाराला. २०२१-२२ च्या संपात तर कित्येक मुली महिनोन्‌महिने घरी बसल्या, त्यातल्या दोघींची लग्नं आमच्याच गावात उरकली.

डेक्कनचा बाप

@उंबरठा, मान्य. बुडलेलं मीच भरून काढलं, शनिवार-रविवार बसून. तेव्हा वाटलं नाही ते काही विशेष आहे.

पण माझा मुद्दा उरतोच. पोरं सोमवारी का येत नाहीत याच्या मुळाशी गणवेश नसेल. जिथं मजा येते तिथं पोरगं ओल्या चड्डीतही पळत जातं. गॅदरिंगच्या दिवशी तुमच्याकडे किती खाडे असतात ते बघा.

खडूवाली

मोजले. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगला एक खाडा, तोही काविळीचा. तुमचा मुद्दा घेते.

@पाटोद्याचा, तुमचं वाचून ते वाक्य मी आज लिहिलं नसतं. 'घरातूनच' मधला 'च' काढते. पण सगळंच मागे घेत नाही, कारण या दोन महिन्यांत जे बदललं ते गावातल्या बायकांनीच बदललं.

आधी मी पालकसभेत भाषण केलं. हजेरीचं महत्त्व वगैरे. आठजणी आल्या होत्या, दोघींना डुलकी लागली. नंतर शाळा व्यवस्थापन समितीतली एक बाई म्हणाली, मॅडम, महत्त्व माहितीये हो, सकाळी सात ते साडेदहा पोरं कुणाच्या नजरेखाली असतात ते विचारा. तेव्हा कळलं की शाळा भरायच्या आधीचे साडेतीन तास घरात मोठं माणूसच नसतं. पोरं उठतात, खेळतात, शेळ्या सोडतात, साडेदहा कधी होतात कळत नाही.

मग त्यांनीच ठरवलं. रस्त्याकडेच्या एका घराला मोठा ओटा आहे. तिथल्या आजी गुडघ्यांमुळे शेतात जात नाहीत. टोळीला जाणाऱ्या बायका सकाळी पोरांना जेवू घालून, दप्तरासकट त्या ओट्यावर सोडतात. दप्तर रात्रीच भरायचं. दहाला आजी ओरडते, पोरं रांगेनं निघतात. धाकटी भावंडं अंगणवाडीत, आणि अंगणवाडी भरेपर्यंत आजींपाशी. त्या बदल्यात आजीचं दळण-पाणी बायका आळीपाळीनं करतात. आणि गणवेशाचं मी सांगून टाकलं: ओला असेल तर घरचे कपडे घालून या, मी काही बोलणार नाही. आमच्या वरिष्ठांना आवडलं नाही ते. असो.

जुलैत सोमवारचे खाडे नऊ-दहा असायचे. गेल्या तीन सोमवारी तीन, चार, दोन.

पाटोद्याचा

ओट्याचं आवडलं. पण आजी आजारी पडली तर? परत एखादी पाचवीतली पोरगीच त्या ओट्यावर बसेल, बाळं सांभाळायला. बघा.

सेवानिवृत्त हजेरीपट

त्या वजाबाकीवाल्याचं काय झालं?

खडूवाली

@पाटोद्याचा, बसली होती. गेल्या बुधवारी. तिसरीतली होती, पाचवीतलीही नाही. आजींना दवाखान्यात नेलं होतं. समितीत विषय काढलाय, अजून दुसरं नाव ठरत नाहीये.

@सेवानिवृत्त हजेरीपट, मधल्या सुट्टीत काड्या घेऊन बसवलं. पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या. म्हटलं, यातल्या सात दे. दोन दिल्या आणि बघत बसला. मी म्हटलं, दुकानदाराकडे सुट्टे नसतील तर तो काय करतो? त्यानं माझ्याकडे बघितलं, एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि ते मनगटात घातलं. वहीतली दोन बरोबर आली, तिसरं चुकलं.

उद्या सोमवार. इथं तीन दिवस झड लागलीये. घरच्या कपड्यांचा निरोप ग्रुपवर टाकते आणि झोपते.