मदत हवी आहे: शॉर्टफिल्मचा शेवट कापू की ठेवू?

नमस्कार मंडळी. माझी पहिली शॉर्टफिल्म, २२ मिनिटांची, गेल्या आठवड्यात बीडजवळच्या आमच्या गावात दाखवली. दिवाळीनंतर आईबापाबरोबर शाळा सोडून ऊसतोडीला जाणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. शेवटी ट्रॅक्टरची ट्रॉली धुळीत दिसेनाशी होते. दीड मिनिट एकच शॉट, संवाद नाही. कॉलेजची पोरं म्हणाली, फार रेंगाळतो. पण १८ हंगाम कोयता चालवलेल्या एक मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "पोरीला माघारी आण की रं." तेव्हापासून मला झोप नाही.

महोत्सवाला पाठवायची आहे. संकलन करणाऱ्यांनो, शॉट ४० सेकंदांवर आणला तर मावशींना जे भिडलं ते उरेल का? खरंच कळत नाहीये. पाहून मोकळेपणाने मत देणाऱ्यांना लिंक पाठवतो.