पुनर्वसन, स्थलांतर की गाव उठणं?

निशिगंध :
एका दिवाळी अंकासाठी अलास्कातल्या न्यूटॉक गावावरचा लेख मराठीत आणतेय. निंग्लिक नदीकाठचं युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव, वस्ती 350च्या आसपास. खालची गोठलेली जमीन वितळू लागली, नदी काठ खात आत आली, आणि गावानं 15 किलोमीटरच्या आत, नेल्सन बेटावर मेर्तार्विक ही नवी वस्ती उभी केली. 2019 मध्ये पहिली कुटुंबं गेली, 2024 मध्ये शेवटची. मी 'गावाचं पुनर्वसन' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'स्थलांतर' केलं. मला पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही.

कृष्णाकाठ :
ताई, संपादकांचा शब्द चुकीचा आहेच, पण तुमचाही मला खुपतो. आमचं घराणं कोयना धरणात गेलेल्या गावचं. आमच्याकडे पुनर्वसन म्हटलं की भूसंपादनाची नोटीस, प्रकल्पग्रस्ताचा दाखला आणि बदल्यात मिळालेला खडकाळ माळ हे सगळं सोबत येतं. निर्णय दुसऱ्यानं घेतला की त्याला पुनर्वसन म्हणायचं. न्यूटॉकच्या लोकांनी जागा स्वतः निवडली ना? आमची आजी 'गाव उठलं' म्हणायची. साथीत गाव उठायचं, पुरात उठायचं आणि दुसऱ्या पांढरीवर बसायचं. 'पांढरी बदलली' लिहा, एका शब्दात काम होतं.

वाचनवेडा :
काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण हे आज शहरातल्या किती वाचकांना कळेल? आणि 'स्थलांतर' इतकं वाईट नाही. युपिक लोक मुळात एका जागी राहणारे नव्हतेच. मासे आणि शिकार जिथे असेल तिथे ऋतूप्रमाणे जायचे. 1958 साली शाळा बांधली आणि मुलांपायी लोक तिथे बारमाही राहू लागले. म्हणजे स्थलांतर हीच त्यांची जुनी रीत, गाव एका जागी बसवलं ते सरकारनं.

कृष्णाकाठ :
माहिती छान दिलीत दादा, हे लेखात यायला हवं. पण स्थलांतरात परत येणं धरलेलं असतं. ऊसतोडीची टोळी हंगाम संपून पट्टा पडला की गावाकडे येते. फ्लेमिंगोही येतात जातात. न्यूटॉकला परत यायला जमीनच उरली नाही.

भूशास्त्री :
मूळ लेखात 'उस्तेक' शब्द आहे का बघा. युपिक शब्द आहे. गोठलेली जमीन वितळणं, काठ झिजणं आणि पूर हे एकत्र येऊन जमीन एकदम कोसळते, त्याला उस्तेक म्हणतात. या शब्दाला वजन का आहे सांगतो. न्यूटॉकनं अमेरिकी सरकारकडे आपत्ती जाहीर करण्याची विनंती केली होती, ती जानेवारी 2017 मध्ये फेटाळली गेली. तिथला आपत्तीचा कायदा वादळ, भूकंप अशा एकाएकी येणाऱ्या संकटांभोवती बेतलेला आहे. वर्षानुवर्षं काठ झिजणं त्यात बसवणं अवघड. पुढे 2018च्या अलास्का राज्याच्या आपत्ती आराखड्यात उस्तेक हे संकट म्हणून नावानिशी आलं. लोकांचा शब्द सरकारी कागदात गेला. त्याचं 'भूस्खलन' करू नका.

कृष्णाकाठ :
'दरड' चालेल का? आमच्याकडे नदीचा उभा तुटलेला काठही दरडच. दरी, दरड, दरार ही सगळी 'दृ', म्हणजे फाडणे, या एकाच धातूची लेकरं असावीत असं माझं मत आहे.

शब्दांकित :
दरीपुरतं मान्य, बाकीच्यांना पुरावा द्या. मला दुसरंच टोचतंय. 'खालची गोठलेली जमीन' असं लांबण का लावायचं? 'चिरतुषार भूमी' असा नेटका शब्द करता येतो. आपण शब्द वापरले नाहीत तर ते रुळणार कसे? दर वेळी 'पर्माफ्रॉस्ट' लिहून मराठीत विज्ञान येणार नाही.

भूशास्त्री :
सर, तळमळ पोचली, पण हा शब्द दोन्ही बाजूंनी चुकतो. सलग दोन वर्षं 0 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. व्याख्येत 'चिर' कुठेच नाही, आणि तो चिर नाही म्हणून तर गाव गेलं. शिवाय शेतकऱ्याला तुषार म्हटलं की तुषार सिंचन आठवतं. पर्माफ्रॉस्टच लिहा.

शब्दांकित :
मग 'गोठभूमी' करा. अडचण दाखवून परका शब्द ठेवणं ही पळवाट आहे.

दर्यावर्दी :
निशिगंधताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. इंग्रजीत या सगळ्याला 'रिलोकेशन' हा एकच शब्द वापरतात आणि त्यात मोठा अन्याय झाकला जातो. कॅनडानं 1953 आणि 1955 मध्ये उत्तर क्युबेकमधल्या इनुकजुआकची इनुइट, म्हणजे तिथली मूळ रहिवासी, कुटुंबं सुमारे 2000 किलोमीटर उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्रीस फ्योर्डला नेली. सरकार म्हणालं, तिकडे शिकार चांगली. दोन वर्षांनी परत आणू असं वचन दिलं, ते पाळलं नाही. उत्तरेच्या बेटांवर कॅनडाची सत्ता दिसावी म्हणून आम्हाला झेंड्यासारखं तिथे रोवलं, असं त्या लोकांचं म्हणणं. माफी 2010 मध्ये मागितली. ग्रीनलंडमध्येही 1953 सालीच थूलच्या अमेरिकी लष्करी तळासाठी तिथल्या लोकांना काही दिवसांच्या मुदतीत कानाकला हलवलं. भरपाईसाठी ते डेन्मार्कच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, निकाल 2003 मध्ये लागला. त्या तळाला आता पिटुफिक म्हणतात. आज ग्रीनलंड कुणाचं यावर मोठमोठी राष्ट्रं बोलतात तेव्हा ही माणसं बातमीत नसतात.

मराठीत आपल्याकडे सोय आहे. गाव उठलं आणि गाव उठवलं. न्यूटॉक उठलं. थूल उठवलं. हा फरक पुसू नका.

वाचनवेडा :
उठलं-उठवलं इतकं स्वच्छ नसतं. नदी दारात आल्यावर न्यूटॉकनं गाव हलवायचं म्हणून केलेलं मतदान कितपत स्वखुशीचं? आणि शाळा बांधून गाव बसवलं कुणी?

दर्यावर्दी :
तरीही जागा त्यांनी ठरवली. इनुकजुआकच्या लोकांना तेवढंही मिळालं नाही.

निशिगंध :
न्यूटॉकसाठी 'गाव उठलं' ठेवते, मजकुरात एकदा 'पांढरी' आणते. उस्तेक तसाच, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ देऊन. पण पुढे पानोपानी 'अनुकूलन' आहे, बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं या अर्थी. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगियरब्येन गावात 2015 साली हिमस्खलनात दोघं दगावल्यावर डोंगराखालची घरं काढून टाकली, लोकांना दुसरीकडे घरं दिली. याला अनुकूलन म्हणायचं?

कृष्णाकाठ :
अनुकूलन आम्ही शाळेत निवडुंगाच्या धड्यात शिकलो. माणसं 'तजवीज' करतात.

शब्दांकित :
तजवीज अरबी आहे. 'सज्जता' घ्या.

भूशास्त्री :
सज्जता यायच्या संकटासाठी असते, इथे ते आलेलं आहे. आणि तजवीज शिवकालीन पत्रांतही सापडते सर, ती परकी कशी? अनुकूलनासाठी वेगळा धागा काढा.

शब्दांकित :
काढतो. पण गोठभूमीला कुणीच उत्तर दिलेलं नाही.