मूल स्वतःला कधी ओळखतं?

प्रश्न: माझी दीड वर्षांची भाची आरशातल्या बाळाला खेळणं देऊ करते. ते बाळ म्हणजे आपणच, हे तिला कधी कळेल?

निरभ्र: बहुतेक मुलांना १८ ते २४ महिन्यांत. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुलांच्या नाकाला नकळत लाल रंग लावला होता. ओळख पटलेली मुलं आरसा सोडून स्वतःचं नाक चाचपत.

आर्या: ताई, आरसा ही फक्त सुरुवात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मांडलं, की लोकांना आपण कसे दिसत असू या कल्पनेतून ‘मी’ घडतो. म्हणून लेकरासमोर ‘ही फार हट्टी’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ती ऐकत असते हो!

प्रश्नकर्ती: आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. आजच बोलते त्यांच्याशी.