मुहूर्त नको, वार ठरवा

एका ताईंनी इथे लिहिलंय की शिवणकामाचं दुकान काढायचं कधीपासून मनात आहे, पण "दिवाळी झाली की बघू" म्हणत राहून जातं. ताई, याला आळस म्हणू नका. टिमथी पिचिल, फ्युशिया सिरोइस हे संशोधक सांगतात की चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा भावना सांभाळण्याचा प्रश्न आहे. आपण काम टाळत नाही, त्यामागची धास्ती टाळतो.

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या काकूंचं तेच होतं. ब्लाऊज इतके सुबक की शहापूरहून बायका यायच्या. पण बँकेत कर्जाचं कन्नडमधून विचारायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. शेवटी त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर चार कन्नड वाक्यं देवनागरीत लिहिली आणि भाकऱ्या थापताना घोकली. साहेबांनी दुसऱ्याच वाक्याला मराठीत उत्तर दिलं! (बेळगावात हे नवीन नाही.)

तुम्हीही "जाईन कधीतरी" नको, "सोमवारी मुलं शाळेत गेली की गाळ्याचं भाडं विचारायला निघेन" असं ठरवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये याच 'असं झालं की असं करेन' पद्धतीवर लिहिलं होतं, आणि नंतरच्या अनेक प्रयोगांत तिचा उपयोग दिसला. भीती वाटेलच, तरी निघा. गाळ्यासाठी टिळकवाडीच्या आधी अनगोळकडे चौकशी करा, आणि काय झालं ते इथे नक्की कळवा.