काकांनी बोटीवरून उतरवलं, पास्टर म्हणतात विश्वास कमी पडतोय, काय करू

दर्याकाठचा खलाशी:
जय ख्रिस्त सगळ्यांना. मी हर्णैच्या बाजूचा, कोळ्याच्या घरातला, मिसरूड फुटायच्या आधीपासून काकांच्या बोटीवर खलाशी. मधे मुंबईला कामाला होतो तेव्हा प्रभूला ओळखलं, बाप्तिस्मा घेतला, मग लॉकडाऊनला गावी आलो तो इथेच राहिलो. घरी माहीत होतं पण कोणी फार बोलायचं नाही. यंदा नारळी पौर्णिमेला मी सगळी कामं केली, जाळी चढवली, बोट धुतली, पताका लावल्या, फक्त पूजेला हात जोडून उभा राहिलो नाही आणि नारळाला हात लावला नाही. कोणाला उपदेश पण केला नाही. नेमकं सीझन सुरू होताच इंजिन बसलं, डिझेलचे पैसे पण सुटले नाहीत आणि सगळं माझ्यावर आलं. काका म्हणाले तुझ्यामुळे दर्या कोपला, आता बोटीवर चढू नको. आई बोलत नाही, नुसती रडते. बायको अजून विश्वासात नाही, तिच्या डोक्यात बचत गटाचे हप्ते, ती म्हणते कुठाय तुझा देव.
पास्टरांना फोन केला तर म्हणाले विश्वास कमी पडतोय, उपास कर, दुप्पट परत मिळेल. केला उपास. काय नाय मिळालं. आता गणपती येतायत, घरचा गणपती आहे आमचा, सगळी भावकी जमते, जाऊ का नको? आणि खरं सांगायचं तर प्रार्थनेला बसतो पण शब्दच येत नाहीत, असं कोणाला होतं का.

वचनाचा शिपाई:
भावा जायचं नाही. बाबेलच्या राजाने उभारलेल्या मूर्तीपुढे शद्रख, मेशख, अबेदनगो वाकले का? बायबलमधलं दानीएल ३ वाच. भट्टी सातपट तापवली तरी वाकले नाहीत. तू गेलास की आरतीला उभं करतील, पुढच्या वर्षी नारळ हातात देतील. आत्ताच काय ते ठरव.

मालवणची आयो:
झिला, आधी पोटभर जेव. उपाशी पोटी असले निर्णय घेऊ नयेत.
शिपाईदादा, ते तिघे मूर्तीपुढे वाकले नाहीत हे खरं, पण राजाच्या कारभारात मोठ्या जागेवर होते ना? आणि भट्टीतून बाहेर आल्यावर पण तिथेच राहिले, बाबेल सोडून गेले नाहीत. कामावर जाणं वेगळं, वाकणं वेगळं. आईच्या घरी जाणं म्हणजे वाकणं नव्हे रे बाबा. आम्ही कॅथलिक, माझा जन्म गेला इथे, शेजारणीच्या करंज्या माझ्याकडे येतात आणि नाताळात माझ्या नेवऱ्या तिच्याकडे जातात, तिला माहीत मी आरतीला नाही येणार, मला माहीत ती मिस्साला नाही येणार. पण हे एका दिवसात होत नाही, आणि तुझ्या घरी अजून ताजी जखम आहे. म्हणून आदल्या दिवशी जा. माळा धू, पाणी भर, नारळ सोलून दे. ऐन आरतीच्या वेळेला उगवून कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा राहिलास तर ते सगळ्यांना टोचेल, आणि तिथे देवाचं नाव मोठं होणार नाही, तुझंच होईल.

सुपारीवाला श्रीवर्धन:
मला त्या पास्टरांच्या वाक्याचा राग आलाय म्हणून लिहितोय. संकट आलं म्हणजे विश्वास कमी, हे कुठल्या पानावर लिहिलंय? तू दर्यावरचा माणूस आहेस, प्रेषितांची कृत्ये २७ वाच, तुला आमच्यापेक्षा जास्त कळेल. प्रेषित पौल कैदी म्हणून गलबतावर, आधीच सांगतोय की आत्ता निघू नका, तांडेल आणि मालक ऐकत नाहीत, वादळ लागतं, चौदा रात्री गलबत वाहवत जातं, माल फेकला, सामान फेकलं, मागच्या बाजूने चार नांगर टाकले. पौलाचा विश्वास कमी होता का? देवाचा दूत येऊन त्याला सांगून गेला होता की सगळे वाचतील, तरी गलबत फुटलंच. २७६ माणसं वाचली, बोट नाही वाचली. आणि उपासाचं म्हणशील तर तिथे सगळे चौदा दिवस न जेवता बसले होते, पौलाने त्यांना जेवायला लावलं, स्वतः भाकर मोडून सगळ्यांसमोर खाल्ली. आयो म्हणते ते बायबलमध्येच आहे बघ.
३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमची सुपारीची वाडी दुपारपर्यंत आडवी झाली होती. सुपारीचं रोप लावलं की पाच-सहा वर्षं तरी हाताला काही लागत नाही. तेव्हा पण लोक आले, कोणी म्हणालं ग्रामदेवतेला मानत नाही म्हणून, कोणी चर्चमधला म्हणाला तुमच्या घरात काहीतरी पाप असेल बघा. दोघांचं गणित एकच. शेजारच्या वाड्यांमध्ये देवीला मानणारे होते त्यांची पण झाडं पडली, वाऱ्याने कोणाचं घर विचारलं नाही.
शब्द येत नाहीत त्याबद्दल, स्तोत्र ८८ मोठ्याने वाच. बाकीची बहुतेक रडणारी स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. तरी ते बायबलमध्ये आहे. मी कित्येक महिने तेवढंच वाचायचो, स्वतःचं काही जोडायचो नाही.

करजगाव फाटा:
सुपारीवाल्यांशी सहमत. दोन गोष्टी.
एक म्हणजे १ पेत्र ४, बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र. विश्वासामुळे दुःख आलं तर लाजू नका म्हणतो, पण त्याच्या आदल्याच ओळीत म्हणतो की खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगायची वेळ येऊ देऊ नका. आपल्याकडे बरेच जण ढवळाढवळ करतात आणि मार पडला की छळ झाला म्हणतात. तू तसं केलेलं दिसत नाही, तेवढं धरून ठेव. आणि बायकोच्या मागे लागू नको. कवी ना. वा. टिळक आपल्याच दापोलीकडचे, करजगावचे, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर, आभाळ कोसळलं, काही वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या नगरला आल्या तरी आपलं सोवळं पाळत होत्या, टिळकांनी पाळू दिलं. पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. आणि टिळकांनी मराठी सोडली नाही, अभंग सोडला नाही, कीर्तन पण सोडलं नाही. कोणी तुला परका झालास म्हणालं तर हे सांग.
दुसरं, काकाने बोटीवर नाही घेतलं हा घरातला राग आहे, त्याला बहिष्कार म्हणू नको. पण उद्या गावकी बसली, दंड लावला, तुझ्या घरी कोणी जायचं नाही असं फर्मान काढलं तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा आहे, २०१६ चा, २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रायगडात अशी प्रकरणं बरीच गाजली होती. माहीत असू दे, पण आत्ता काकांसमोर त्याचं नाव पण काढू नको, आयुष्यभराचा तिढा होईल.

वचनाचा शिपाई:
आयोचा मुद्दा मान्य, ते बाबेलात राहिले. पण वाकले नाहीत हे पण लिहा की एकदा ठळक. सगळे जण पोराला सांभाळून घे, सांभाळून घे म्हणताय.

दर्याकाठचा खलाशी:
सगळ्यांचे आभार. २७ वा अध्याय रात्री वाचला, चार नांगर टाकून उजाडायची वाट बघत बसले ते वाचून एकदम आमच्याच बोटीवरचं वाटलं. बायकोला पण वाचून दाखवला, ती म्हणाली तो पौल बरा होता, निदान जेवा तरी म्हणाला.
शिपाईदादा, आरतीला उभा राहणार नाही हे आईला आजच सांगून टाकलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली एवढ्या माणसांचा चहा कोण करणार, तू कर. काका अजून बघत पण नाहीत माझ्याकडे. इंजिनसाठी मिस्त्री शोधतायत असं कळलं, दाभोळकडे कोणी चांगला माहीत असेल तर सांगा, मी परस्पर पाठवतो, माझं नाव नको.

सुपारीवाला श्रीवर्धन:
आहे एक, इनबॉक्समध्ये नंबर टाकतो. दुसऱ्याच्या सामानाचे पैसे वाढवून लावत नाही.

वचनाचा शिपाई:
चहाला काहीच हरकत नाही. प्रसादाचं १ करिंथ १०:२७-२८ बघ, वाढलेलं विचारत न बसता जेव, पण हे वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नको. हात जोडून नको म्हण, तोंड वाकडं करू नको.