एकाच जागेसाठी दोघी मैत्रिणी: तयारी एकत्र करावी का?

दांडियाबाजारची लेक
बडोद्याजवळच्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या विभागात, मी ९ वर्षं आहे. सेक्शन हेडची जागा निघालीय. मी आणि शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण, दोघींनी अर्ज केलाय. आई म्हणते, एकीने माघार घ्या, नाहीतर मैत्री तुटेल. आम्ही ठरवलंय, दोघींनीही लढायचं आणि तयारी एकत्र करायची. एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) माझा हात बसलेला, मायक्रोमध्ये (जंतूंच्या तपासणीत) ती पक्की. डबा झाला की अर्धा तास ती ऑडिटर (लॅबचं काम तपासायला येणारा) होते, मी उत्तरं देते. दुसऱ्या दिवशी उलट. जी निवडली जाईल तिच्या हाताखाली दुसरीला काम करायचंय, मग ती कच्ची का राहावी?

सावलीची बस
ताई, हे मी करून बसलेय. स्टॅबिलिटीचे (औषध किती काळ टिकतं ते तपासायचे) नमुने कधी काढायचे याची एक्सेल शीट महिनाभर खपून बनवली, मैत्रिणीला शिकवली. तिने ती मीटिंगमध्ये स्वतःची म्हणून दाखवली. वर मलाच सगळ्यांनी सांगितलं, "जाऊ दे गं, मैत्रीणच ना तुझी!" दोन पुरुषांत असं झालं तर कोणी असं समजावत नाही. मुलाखत होईपर्यंत हातचं राखून ठेवा.

रावपुऱ्याची
हातचं राखून बायका कधी पुढे गेल्या? आपल्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. मुलींच्या शिक्षणासाठी ठिकठिकाणच्या बायका एकत्र आल्या म्हणून ती परिषद उभी राहिली.

सावलीची बस
मान्य. पण शाळा सगळ्यांसाठी मागायची होती. एकीला मिळाली म्हणून दुसरीची गेली नाही. इथे खुर्ची एकच आहे.

दांडियाबाजारची लेक
तुमच्यावर अन्यायच झाला. पण चूक शिकवण्यात नव्हती, शीटवर नाव नव्हतं त्यात होती. आपण साधं वजन घेतलं तरी लॉगबुकात सही-तारीख टाकतो, तपासणारी वेगळी सही करते. मग महिनाभराच्या कामावर सही का नको?

मांजलपूरचे काका
प्रॉडक्शनमध्ये ३० वर्षं काढली, म्हणून बोलतो. बेटा, तुम्ही दोघी एकमेकींकडेच बघताय. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या मूळ कलम ६६ प्रमाणे बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याबाहेर कारखान्यात काम देता येत नसे. रात्री बॅच अडकली की प्लांटवर मुलगेच धावायचे. पुढे बढतीच्या वेळी "याला प्लांट कळतो" म्हणून त्यांचंच नाव. लॅबमध्ये मुली सरस होत्या, तरी. तुमचा तिसरा उमेदवार कोण, ते आधी बघा.

दांडियाबाजारची लेक
काका, तिसरा आहे, आणि त्याची २ वर्षं प्लांटवर गेलीत. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्या दोघी मिळून मॅनेजरसाहेबांकडे प्लांटवरची रात्रपाळी मागतो. मात्र तिचं बाळ दीड वर्षाचं आहे, रात्री यायला तिला जमेलसं वाटत नाही. मला जमेल. म्हणजे तिथे माझं पारडं जड होणार. साहेबांकडे जाण्याआधी तिला हे माझ्याच तोंडून कळायला हवं. आज रात्रीच फोन करते.